जुन्या वेगवान मोटारींचा शौक : कारागिरांना काम आहे, पण हिशेबाने

या पानावर आम्ही नेहमी सुताचे भाव, बाजारातील उधारी आणि कराच्या तारखा याच विषयांवर लिहीत असतो. आज विषय थोडा निराळा आहे. शौकाचा आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या शौकात लेथवाला, डेंटर, पेंटर, वायरमन, रेडिएटरवाला आणि सीट शिवणारा अशा सात-आठ हातांना काम मिळते, तो शौक उरत नाही, तो बाजार होतो. बाजार म्हटला की त्याचे कायदे आणि धोके समजून घेणे आले.

आमची स्वतःची हकीकत आधी सांगतो. १९९८ साली आम्ही १९९५ ची एक एस्टीम मोटार वापरलेली म्हणून घेतली. इचलकरंजीहून कोल्हापूर फार लांब नाही. उद्यमनगरात एक उस्ताद होते, त्यांनी तिच्या हेडचे काम केले, कार्ब्युरेटर बसवून दिला, आणि गाडी अशी काही पळू लागली की आम्ही व्यापारी आहोत हेच विसरलो. दहा-बारा जणांची टोळी होती. कोणाची झेन, कोणाची जिप्सी, एकाची प्रीमियर ११८ एनई. रविवारी सकाळी जमायचे, बॉनेट उघडायचे, चहा प्यायचा, एकमेकांच्या गाडीतल्या चुका काढायच्या. पुढे २००७ च्या सुमारास धंद्यात ओढाताण झाली. मुलांची शिक्षणे आली. गाडी गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठींमागे ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

२०२३ मध्ये आमच्या भाच्याने ताडपत्री काढली. म्हणाला, "मामू, ही विकू नका. असल्या गाड्या आता लोक शोधत फिरतात." आम्हाला पटले नाही. तरीही उस्तादांकडे गेलो. उस्ताद थकले होते, पण दुकान होते. आणि दुकानासमोर ज्या गाड्या उभ्या होत्या, त्या आमच्याच काळातल्या. मालक मात्र आमच्या मुलांच्या वयाचे.

ही मागणी आली कोठून?

मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. त्यानंतर १९८५ मध्ये जिप्सी, १९९३ मध्ये झेन, १९९४ मध्ये एस्टीम आणि १९९८ मध्ये होंडा सिटी. यातली १.५ लिटरची व्हीटेक सिटी १०६ अश्वशक्तीची होती आणि त्या काळच्या मानाने ती फार चपळ गाडी. २००१ ची फियाट पॅलिओ १.६ ही सुमारे १०० अश्वशक्तीची. नव्वदच्या दशकात रॅलीच्या शर्यतींत जिप्सी आणि एस्टीम यांचेच राज्य होते. हरी सिंग, एन. लीलाकृष्णन ही नावे तेव्हा गॅरेजातल्या पोरांना पाठ असत.

आता यातली एकही गाडी त्या जुन्या रूपात कारखान्यात बनत नाही. एस्टीम २००७ मध्ये बंद झाली, जुनी मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये, जिप्सी २०१९ मध्ये. ज्यांनी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून या गाड्यांचे स्टिअरिंग धरले, ते आज कमावते झाले आहेत. त्यांना तीच गाडी हवी आहे, पण थोडी अधिक जोरकस, थोडी अधिक नेटकी.

आम्ही कापडवाले हा प्रकार ओळखतो. यंत्रमागाने हातमागाचे रोजचे कापड संपवले. पण हातमागाची चांगली साडी संपली नाही, ती महाग झाली. रोजच्या वापरातून उठलेली वस्तू ज्याला खरोखर हवी असते, तो तिच्यासाठी कारागीर शोधत येतो. प्रश्न एवढाच की तो येईल तेव्हा कारागीर दुकानात असला पाहिजे.

कामे कोणती असतात?

नवीन गाडी बिघडली तर कॉम्प्युटर लावून दोष काढतात आणि पार्ट बदलतात. जुन्या गाडीला पार्ट मिळत नाही, म्हणून तो बनवावा लागतो किंवा दुरुस्त करावा लागतो. हाच आपल्या कारागिराचा खरा फायदा. एस्टीम आणि जिप्सी किंग यांची इंजिने एकाच घराण्यातली, १२९८ सीसीची. त्यामुळे एकीचा माल दुसरीला पुष्कळदा चालतो. कोणत्या गाडीचा कोणता भाग कशाला बसतो ही माहिती पुस्तकात सापडत नाही, ती उस्तादांच्या डोक्यात असते. तिची किंमत असते हे लक्षात ठेवावे.

इंजिनाच्या कामाबद्दल गिऱ्हाइकांत मोठे गैरसमज आहेत. "बोअर करून द्या, गाडी पळेल," असे सांगत ते येतात. हिशेब करून पाहू. या इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, सिलिंडर चार. अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला तर १२९८ चे होतात साधारण १३१६ सीसी. म्हणजे शंभराला दीड टक्कासुद्धा वाढ नाही. बोअरिंग हे झिजलेल्या सिलिंडरचे औषध आहे, ताकदीचे टॉनिक नव्हे.

ताकद येते ती श्वासातून. हेडमधले हवेचे मार्ग गुळगुळीत व योग्य आकाराचे करणे, व्हॉल्व्ह नीट बसवणे, कॅम निवडणे, कार्ब्युरेटरचे जेट जुळवणे आणि सायलेन्सरच्या पाइपची गोलाई सांभाळणे, ही ती कामे. यात हात लागतो आणि वेळ लागतो.

हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवण्याचीही फॅशन आहे. तिथेही प्रमाण हवे. एका सिलिंडरचे माप सुमारे ३२४.६ सीसी. मूळ कॉम्प्रेशन हिशेबापुरते ९ ला १ धरले, तर वर उरणारी जागा सुमारे ४०.६ सीसी. हेड अर्धा मिलिमीटर घासले आणि तिथले क्षेत्रफळ बोअरइतके धरले, तर दोन सीसीहून थोडी अधिक जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन जाते साधारण साडेनऊवर. एवढे चालून जाते. पण दोन-तीन वेळा घासलेले हेड पुन्हा घासले की इंजिन ठोके देऊ लागते, गॅस्केट जाते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. गिऱ्हाईक तेव्हा गॅरेजवाल्याचेच नाव घेते. म्हणून घासण्यापूर्वी हेडची जाडी मोजून कागदावर लिहावी.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचे पडदे आणि कार्ब्युरेटरची सीले त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीला गंज धरतो. शिवाय त्यात पेट्रोलइतकी ऊर्जा नसते आणि जळायला हवा कमी लागते. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. जेट बदलणे, पाइप बदलणे, टाकी आतून साफ करणे ही आज प्रत्येक जुन्या गाडीला लागणारी कामे आहेत. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हाही लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटचा प्रश्न उभा राहिला होता. कठीण धातूच्या सीट बसवून कारागिरांनी तो सोडवला. हाही सुटेल.

आणि एक काम आमच्या पेशातले. जुन्या एस्टीमच्या सीटचे मूळ कापड आता बाजारात नाही. बहुतेक जण रेक्झिन मारून मोकळे होतात. आमच्या टोळीने विचारले, तसे कापड विणता येईल का? त्यांना हवे होते चाळीस मीटर. चाळीस मीटरसाठी कोणी यंत्रमागवाला बीम भरणार नाही. पण नमुन्याचा माग असलेला कारखानदार थोडा जास्त दर घेऊन करू शकतो. रंग उन्हात टिकेल असा घ्यावा, सूत सीटच्या घर्षणाला पुरेल असे घ्यावे आणि दर आधी ठरवावा. थोडा माल आणि चोख दर हा व्यवहार आपल्या लोकांनी शिकण्यासारखा आहे.

वाघबिळाच्या उतारावर

आता आमची चूक सांगतो. गाडी परत उभी करताना आम्ही आधी इंजिनाला पैसे घातले. टायमिंग बेल्ट नवा, हेडचे काम नवे, रंगही नवा. ब्रेकचे काम उस्तादांनी यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले होते. आम्हीच म्हणालो, "ते पुढच्या महिन्यात बघू, पेडल तर घट्ट लागते."

पहिल्याच रविवारी पन्हाळ्याला गेलो. चढताना गाडी मजेत होती. परतताना वाघबिळाच्या बाजूला उतारावर दोन-तीन वळणांत ब्रेक मारले आणि चौथ्या वेळी पेडल खाली तळाला गेले. शेजारी भाचा बसला होता. समोर उसाची ट्रॉली होती. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी कडेच्या चरात घातली म्हणून थांबली. डावा दरवाजा चेपला. भाच्याच्या कपाळाला खोक पडली, तीन टाके पडले. त्याहून जास्त झाले नाही, पण व्हायला काय राहिले होते?

कारण साधे होते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी तेच प्रमाण १४० अंश आहे. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उतारावर ब्रेक तापले की ओले तेल उकळते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबत नाही. उभ्या गाडीत पेडल घट्ट लागते, कारण तेव्हा तेल थंड असते. आमच्या गाडीत तर कित्येक वर्षांचे तेल होते.

टायरचेही तसेच. नक्षी शाबूत होती म्हणून आम्ही ते ठेवले होते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी असली तरी रबर वयाने कडक होते आणि पकड जाते.

उस्ताद दवाखान्यात आले तेव्हा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, पहले रुकना, फिर भागना." तेव्हापासून टोळीत आम्ही एक नियम केला आहे. ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि सीटबेल्ट ही चार कामे झाल्याशिवाय ताकदीच्या कामाला हात लावायचा नाही. गॅरेजवाल्या बंधूंना आमची विनंती आहे की गिऱ्हाईक कितीही घाई करो, हा क्रम सोडू नका. काम गेले तरी चालेल. आमच्यासारख्याच्या हट्टापायी एखाद्याचा मुलगा जाऊ नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरील तपशील आणि कारखान्याने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल. केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोठा आवाज करणारे सायलेन्सर हा निराळा गुन्हा आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा. मूळ मापाची दुरुस्ती, चांगले ब्रेक लायनिंग, मूळ मापाचे टायर, सीटचे कापड यांत अडचण येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद हवीच. झेनमध्ये एस्टीमचे इंजिन घालणे शौकिनांत प्रसिद्ध आहे, पण नोंदीशिवाय ती गाडी रस्त्यावर बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. अशी गाडी फक्त शर्यतीच्या मैदानासाठी बनवावी आणि ट्रेलरवर न्यावी. कोइमतूरजवळ आणि चेन्नईजवळ ट्रॅक आहेत, नाशिकला रॅली झाल्या आहेत, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेच्या शर्यती झाल्या आहेत. वेग तिथे दाखवावा. पन्हाळ्याच्या घाटात नाही.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि उशिरासाठी दरमहा ५०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारींची फी १०,००० रुपयांवर गेली. हरित कर निराळा. "गाडी विंटेज आहे, सूट मिळेल," असे काही दलाल सांगतात. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मुळात फारसा फेरफार न केलेली गाडी. आपल्या एस्टीम-जिप्सी त्यात बसत नाहीत. तेव्हा जुनी गाडी घेताना आधी कागद पाहावा, मग इंजिन ऐकावे.

मजुरीचा हिशेब

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आमचे उस्ताद तीन दिवस हेडवर काम करत आणि २,५०० रुपये मागत. बिल म्हणजे पार्टच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. आम्ही एकदा त्यांच्यासमोर बसून आकडे मांडले. दुकानभाडे ९,०००, वीज २,०००, पोऱ्याचा पगार १४,०००, घरखर्चाला निदान ३०,०००. महिन्याचे झाले ५५,०००. कामाचे दिवस पंचवीस. म्हणजे दुकान उघडले की दिवसाला २,२०० रुपये लागतात. तीन दिवसांच्या कामाचे ६,६०० रुपये आले पाहिजेत, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. उस्ताद गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षे आम्ही गिऱ्हाइकाला पैसे देऊन काम करत होतो."

इचलकरंजीत खर्चीवाले यंत्रमागधारक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतात. पिकामागे किती मिळाले आणि किती पडले हा हिशेब ज्याने ठेवला नाही, त्याचे माग भंगारात गेले. गॅरेजचेही वेगळे नाही. म्हणून काही गोष्टी सांगतो.

पहिली, कामाचा कागद करावा. काय करायचे, काय करायचे नाही, किती दिवस, किती मजुरी हे लिहून दोघांनी सही करावी. दुसरी, पार्टचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि मजुरीचा निम्मा भाग काम सुरू करताना. शौकाच्या गाड्या महिनोन्महिने अर्धवट पडून राहतात आणि जागा अडवतात. जागेचेही भाडे ठरवावे. तिसरी, सल्ल्याची किंमत घ्यावी. फोनवर तासभर विचारून काम दुसरीकडे करणारे पुष्कळ असतात. चौथी, ऐब लपवू नये. कापडात डाग असला तर आपण थान बाजूला काढतो आणि सांगून कमी दराने देतो. चेसिसला गंज असेल, इंजिन नंबर जुळत नसेल, तर तसेच तोंडावर सांगावे. ही शौकिनांची टोळी लहान असते, सगळे एकमेकांना ओळखतात. एक खोटे काम दहा गिऱ्हाइके घालवते आणि एक खरे काम दहा आणते.

उस्तादांचा मुलगा मालाची डिलिव्हरी करणारी टेम्पो चालवतो. हुनर त्याच्या हातात आहे, पण २,५०० रुपयांच्या हेडवर घर चालत नाही हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. आता दर बदलले आहेत, तेव्हा तो रविवारी दुकानात येऊ लागला आहे. पूर्ण वेळ येईल की नाही, हे त्याने अजून सांगितलेले नाही, आणि उस्तादही विचारत नाहीत. मागच्या रविवारी आमच्या एस्टीमचा कार्ब्युरेटर त्यानेच उघडला. कागद लिहिला, मजुरी सांगितली, आम्ही एक रुपया कमी केला नाही.

ज्यांच्या घरात असा एखादा जुना हात आहे, त्यांनी तो थकण्यापूर्वी त्याच्याजवळ एखादा पोरगा बसवावा. पार्ट भंगारात शोधला तर सापडतो, उस्तादांच्या डोक्यातली माहिती तशी सापडत नाही.